निवळीत टिकेल तो टॅग: लॅक्टेज कापडावर बसवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात पाषाण-बाणेरच्या पट्ट्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर यांच्या आसपास, जीवतंत्रज्ञानाचे छोटे छोटे गट भाड्याच्या प्रयोगशाळांतून काम करतात. हे प्रकरण अशाच एका गटाचं आहे. माणसं तीन: प्रथिनांवर पीएचडी केलेल्या प्रमुख संशोधिका, एक रसायन अभियंता आणि नुकताच एमएस्सी झालेला कनिष्ठ सहकारी. प्रथिन शुद्धीकरणासाठी त्यांनी माझा सल्ला घेतला, त्यामुळे त्यांच्या वह्या आणि जेलचे फोटो मी जवळून पाहिले. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. विज्ञान जसंच्या तसं ठेवलं आहे.

काम आलं पूर्व हवेलीतल्या एका पनीरवाल्याकडून. दहा लिटर दूध फाडलं की साधारण आठ लिटर निवळी उरते. पनीर हॉटेलांना जातं, निवळीतली थोडी म्हशींना पाजली जाते, बाकीची कुठे सोडायची हा रोजचा प्रश्न. निवळीत साडेचार ते पाच टक्के लॅक्टोज असतं. तिची जैविक ऑक्सिजन मागणी (कचरा कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खर्ची पडेल याचं माप) लिटरला 30 ते 50 हजार मिलिग्रॅम इतकी असते, आणि घरगुती सांडपाण्याची काही शेच. ओढ्यात सोडली तर ओढा मरतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस येते ती वेगळीच.

गटाची कल्पना सरळ होती. लॅक्टोजची गोडी साखरेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. ते आटवलं की वाळूसारखे खडे धरतं, म्हणून त्याचा पाक करता येत नाही. लॅक्टेज हे एन्झाइम लॅक्टोजचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. ते मिश्रण जास्त गोड असतं आणि आटवल्यावर दाणे धरत नाही. शिवाय बेकरीच्या यीस्टला लॅक्टोज खाता येत नाही, ग्लुकोज येतं. पण दर वेळी निवळीत एन्झाइम ओतायचं आणि तिच्याबरोबरच घालवायचं, हा धंदा परवडणारा नाही. एन्झाइम कशाला तरी पक्कं बसवायचं आणि निवळी त्यावरून वाहू द्यायची, असं ठरलं.

एन्झाइमची निवड मात्र उत्तम होती आणि पुढे तिनेच त्यांना तारलं. उष्ण झऱ्यात राहणाऱ्या एका जिवाणूचं लॅक्टेज त्यांनी घेतलं. ते 60 अंशांच्या वर आनंदाने चालतं, आणि त्या तापमानाला दूध आंबवणारे नेहमीचे जिवाणू वाढत नाहीत. रेणूत तीन सारख्या साखळ्या असतात, प्रत्येकी सुमारे 75 किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप).

जनुक मागवताना त्यांनी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे पुढच्या टोकाला हिस-टॅग लावला. टॅग म्हणजे प्रथिनाला जनुकाच्या पातळीवरच जोडलेली शेपटी. हिस-टॅगमध्ये हिस्टिडीन हे अमिनो आम्ल ओळीने सहा वेळा असतं आणि ही हिस्टिडीनं निकेलला धरतात. धातूंच्या आधाराने प्रथिनं वेगळी करण्याची पद्धत 1975 मध्ये पोराथ आणि सहकाऱ्यांनी मांडली. निकेल धरून ठेवणाऱ्या एनटीए या रसायनाचं रेझिन, म्हणजे बारीक मणी, 1987 मध्ये रोशमधल्या होखुली यांच्या गटाने आणलं. आज कुठल्याही प्रयोगशाळेत हेच चालतं: सामू (आम्लतेचं माप, सामू कमी म्हणजे आम्लता जास्त) 8 च्या आसपास ठेवून लायसेट, म्हणजे पेशी फोडून मिळालेला रस, रेझिनवर घाला, निकेलवरची पकड सोडवणाऱ्या इमिडॅझोलच्या 20 मिलिमोलर द्रावणाने धुवा, 250 ने उतरवून घ्या. शुद्धीकरणासाठी हिस-टॅग लावण्याबद्दल तक्रार करण्यासारखं काही नाही.

अडचण

प्रमुख संशोधिकेला एक कल्पना सुचली, आणि ती कुणालाही सुचावी इतकी सोयीची होती. एन्झाइम निकेलच्या मण्यांवर बसलंच आहे, तर उतरवायचं कशाला? इमिडॅझोल घालायचंच नाही. तोच कॉलम, म्हणजे मण्यांनी भरलेली नळी, यंत्र म्हणून वापरायचा. शुद्धीकरण आणि बसवणं एकाच पायरीत.

लॅक्टोजची पावडर सामू 7.5 च्या बफरमध्ये विरघळवली, पाणी 60 अंशांवर ठेवलं. कॉलम दिवसेंदिवस चालला. बाहेर येणाऱ्या द्रावातलं ग्लुकोज ते जीओडी-पीओडी किटने मोजत, पॅथॉलॉजीवाले रक्तातल्या साखरेसाठी वापरतात त्याच किटने. आकडे इतके स्थिर होते की त्यांनी पनीरवाल्या काकांना बोलावून घेतलं. काकांनी सगळं नीट पाहिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, पावडरच्या पाण्याचं मी काय करू? माझी निवळी घालून बघा की."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोन कॅन घेऊन हजर. निवळी गाळून, गरम करून कॉलमवर सोडली. दुपारपर्यंत ग्लुकोज निम्म्यावर आलं, संध्याकाळी नावापुरतं उरलं.

पहिला निर्णय: एन्झाइम मेलं की निघून गेलं?

या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण हेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

गटाने गृहीत धरलं की निवळीत एन्झाइम मरतंय. गृहीत धरायला कारणंही होती. निवळी आंबट, खारट, त्यात चरबीचे कण, वर 60 अंशांची उष्णता. मग एन्झाइम टिकवण्याचे उपाय सुरू झाले. ग्लिसरॉल घालून पाहिलं, मिठाचं प्रमाण बदललं, शेवटी ग्लुटरअल्डिहाइडने एन्झाइम मण्यांवर जखडलं. ग्लुटरअल्डिहाइड प्रथिनावरच्या लायसिन या अमिनो आम्लांना पकडतं, पण कुठल्या लायसिनला हे आपल्या हातात नसतं. क्रियाकेंद्राजवळचं एखादं सापडलं की तो रेणू कायमचा थंड. सुरुवातीची क्रियाशीलता बरीच घसरली, पण कॉलम पूर्वीपेक्षा जास्त वेळ चालला.

ह्या अर्ध्या यशाने घोटाळा केला. जखडण्याने दोन गोष्टी एकदम होतात: प्रथिनाची घडी मजबूत होते आणि प्रथिन जागेवरून हलत नाही. कॉलम जास्त चालला तो यांतल्या कुठल्या कारणाने, हे त्या प्रयोगातून कळूच शकत नाही. गटाने पहिलं कारण मानलं आणि त्याच वाटेवर काही आठवडे घालवले.

उलगडा कनिष्ठ सहकाऱ्यामुळे झाला. बाहेर आलेल्या निवळीचे नमुने त्याला पुन्हा मोजायचे होते, म्हणून बाटल्या त्याने रात्रभर 60 अंशांच्या वॉटरबाथमध्येच राहू दिल्या. सकाळी मोजलं तर त्याच बाटल्यांत ग्लुकोज आदल्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त. त्याने चुकीची बाटली घेतली असेल असं आधी सगळ्यांना वाटलं. मग त्याने नीट प्रयोग मांडला: बाहेर आलेल्या ताज्या निवळीचे दोन भाग केले, एक उकळून घेतला आणि दोन्ही बाथमध्ये ठेवले. न उकळलेल्या भागात ग्लुकोज वाढत गेलं, उकळलेल्यात जागचं हललं नाही. म्हणजे एन्झाइम ठणठणीत जिवंत होतं. ते कॉलममध्ये नव्हतं, बाटलीत होतं.

त्यानंतर त्यांनी कॉलमकडे निरखून पाहिलं. रेझिनचा निळसर हिरवा रंग वरच्या थरात फिका पडला होता.

कारण पाठ्यपुस्तकातलं आहे. हिस्टिडीनची पकड त्याच्या नायट्रोजनवर अवलंबून असते आणि त्याचा पीके (ज्या सामूच्या खाली त्यावर प्रोटॉन बसू लागतो तो आकडा) 6 च्या आसपास असतो. सामू 8 ला नायट्रोजन मोकळा असतो, निकेलला धरतो. आम्लता वाढली की त्यावर प्रोटॉन बसतो आणि पकड सुटते. सामू खाली आणून हिस-टॅगवालं प्रथिन उतरवणं ही तर इमिडॅझोलला पर्याय म्हणून शिकवली जाणारी पद्धत आहे. आणि सायट्रिक आम्लाने फाडलेल्या दुधाची निवळी सामू 5.2 ते 5.6 ची असते. म्हणजे निवळी सोडली तेव्हा नकळत प्रथिन उतरवण्याचा द्रावच कॉलमवर घातला जात होता. भरीला दुधातलं आणि वरून घातलेलं सायट्रेट. तेही धातूला धरतं. एनटीएची पकड त्याच्यापेक्षा पुष्कळ घट्ट असते, पण गरम निवळी तासन्‌तास वाहत राहिली की थोडं थोडं निकेल निघत राहतं. खाण्याच्या पदार्थात निकेल उतरणं या एका मुद्द्यावरसुद्धा ही रचना रद्द व्हायला हवी होती.

समोरचे पर्याय

मग फळ्यावर आधी अटी लिहिल्या गेल्या, टॅग नंतर. पकड सामू 5 ते 7 मध्ये, 60 अंशांवर, सायट्रेट आणि कॅल्शियमच्या सान्निध्यात, आठवडेच्या आठवडे टिकली पाहिजे. निवळीत नको ते काही उतरता कामा नये. आणि ज्यावर बसवायचं ती वस्तू डेअरीच्या हिशेबात बसली पाहिजे. या अटी लावल्यावर यादी भराभर लहान झाली.

स्ट्रेप-टॅग टू फक्त आठ अमिनो आम्लांचा, सुबक, आणि शुद्धीकरण फार स्वच्छ देतो. तो सुधारित स्ट्रेप्टॅव्हिडिन या प्रथिनाला धरतो, पण त्याच जागी बायोटिन हे जीवनसत्त्व कितीतरी घट्ट बसतं. दुधात बायोटिन असतंच. प्रमाण किरकोळ असलं तरी सतत वाहत्या निवळीत ते साठत जाऊन टॅगला हुसकावणार. रेझिनची किंमत तर बोलायलाच नको.

सिलिकाला चिकटणारे छोटे पेप्टाइड आहेत, उदाहरणार्थ कार-9. वाळूसारखी स्वस्त वस्तू वापरता येईल म्हणून अभियंत्याचा त्याच्यावर डोळा होता. पण कार-9 उतरवण्यासाठी लायसिनचं द्रावण पुरतं, हीच त्याची शुद्धीकरणातली खुबी. सहज सुटणारा टॅग शुद्धीकरणाला चांगला आणि बसवण्याला वाईट. क्षार आणि अमिनो आम्लांनी भरलेल्या निवळीत त्याच्यावर भिस्त ठेवणं धोक्याचं होतं.

कनिष्ठ सहकाऱ्याचा जीव स्पायटॅगवर जडला होता, आणि मला त्याचं कौतुक वाटलं. स्ट्रेप्टोकोकस पायोजेनीसच्या एका प्रथिनाचे दोन तुकडे करून ऑक्सफर्डमध्ये मार्क हॉवर्थ यांच्या गटाने 2012 मध्ये ही जोडी मांडली. तेरा अमिनो आम्लांचा स्पायटॅग आणि त्याचा जोडीदार स्पायकॅचर समोरासमोर आले की आपोआप सहसंयुज बंध तयार होतो, एकाच्या लायसिनचा दुसऱ्याच्या अस्पार्टिक आम्लाशी. एकदा जुळला की आम्लाने वा सायट्रेटने तो सुटत नाही. पण मग स्पायकॅचर कशावर बसवायचा? प्रश्न एक पाऊल मागे सरकतो, सुटत नाही. शिवाय दोन प्रथिनं तयार करा, दोन्ही शुद्ध करा. एका डेअरीसाठी हा खर्च त्यांना पेलणारा नव्हता.

उरला सेल्युलोजला चिकटणारा भाग, सीबीएम-3. क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम नावाचा जिवाणू सडक्या काडीकचऱ्यात 60 अंशांच्या आसपास राहतो आणि सेल्युलोज खातो. त्याचा एन्झाइमांचा सगळा डोलारा सेल्युलोजवर रोवून धरण्याचं काम हा भाग करतो. साधारण 155 अमिनो आम्लं, 17 किलोडाल्टनच्या आसपास. त्याची रचना 1996 पासून माहीत आहे: एका बाजूला सपाट पट्टी, तीवर वलयं असलेली अमिनो आम्लं ओळीने बसलेली, आणि ती सेल्युलोजच्या साखरेच्या वलयांवर बरोबर टेकतात. ही पकड धातूवर नाही, एखाद्या प्रोटॉनवरही नाही. सोडवायची तर इथिलीन ग्लायकॉलसारखं काही तरी लागतं, आणि ते निवळीत नसतं. मूळ मुक्कामच 60 अंशांचा, त्यामुळे उष्णतेची धास्ती नाही. एकच शंका होती. सीबीएमच्या घडीत एक कॅल्शियम असतो, तो सायट्रेट ओढून नेईल का? आम्लाने फाडलेल्या दुधाच्या निवळीत कॅल्शियम भरपूर असतं, त्यामुळे शंका फार मोठी नव्हती. तरी ती कागदावर न ठेवता प्रयोगाने तपासायचं ठरलं.

सेल्युलोज म्हणजे कापूस, आणि पुण्यात कापडाला तोटा नाही.

काय केलं

पहिला कन्स्ट्रक्ट, म्हणजे जोडून बनवलेलं जनुक, फसला. सीबीएम एन्झाइमच्या पुढच्या टोकाला, मध्ये जेमतेम दोन अमिनो आम्लांचा दुवा, असा तो जोडला होता. प्रथिन भरपूर बनलं, पण सगळं इन्क्लुजन बॉडीत, म्हणजे पेशीतल्या न विरघळणाऱ्या गाळात. तापमान 18 अंशांवर आणलं, पेशीत प्रथिन बनवणं सुरू करणारं आयपीटीजी हे द्रव्य कमी केलं, काही फरक पडला नाही. मग त्यांनी अल्फाफोल्ड या प्रथिनाची घडी वर्तवणाऱ्या संगणकप्रणालीच्या प्रतिकृतीत तिन्ही साखळ्या एकत्र ठेवून पाहिल्या. पुढची टोकं साखळ्यांच्या सांध्याजवळ दबलेली, मागची टोकं बाहेरच्या बाजूला मोकळी. सीबीएम मागच्या टोकाला नेला आणि मध्ये प्रोलीन-थ्रिओनीनचा लांब दुवा घातला, निसर्गात सेल्युलोजच्या एन्झाइमांत असतो तसा. प्रथिन विरघळलेल्या स्वरूपात आलं. तीन साखळ्या म्हणजे रेणूमागे तीन सीबीएम. एक सुटला तरी दोन धरून ठेवतात.

पुढचा प्रसंग लॅक्टेजवर काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. लायसेटमध्ये ओएनपीजी घातलं. लॅक्टेज असेल तर हे द्रव्य फुटून पिवळा रंग येतो, 420 नॅनोमीटरला मोजता येतो. नळी क्षणात हळदीसारखी पिवळी झाली. शेजारच्या नळीत रिकामा प्लाझमिड, म्हणजे आपलं जनुक न घातलेलं डीएनएचं वर्तुळ, असलेल्या पेशींचं लायसेट होतं. तीही पिवळी झाली. ज्यात प्रथिन बनवत होते त्या ई. कोलायला स्वतःचं लॅक्टेज असतं, आणि आयपीटीजी हे नेमकं तेच जनुक चालू करणारं द्रव्य. प्रथिन बनवायला घातलेलं आयपीटीजी यजमानाचं लॅक्टेजही बनवत होतं. रिकाम्या प्लाझमिडची नळी लावली नसती तर सगळे आकडे फुगलेले निघाले असते.

उपाय एन्झाइमच्या निवडीतच होता. लायसेट 65 अंशांवर अर्धा तास ठेवलं. यजमानाचं लॅक्टेज आणि त्याची बहुतेक प्रथिनं नासून पांढरा चोथा खाली बसला. आपलं एन्झाइम वरच्या स्वच्छ पाण्यात राहिलं, आणि रिकाम्या नळीचा पिवळेपणा गेला. इथे एक जुना प्रश्नही निकालात निघाला. एवढ्या शुद्धीकरणाला हिस-टॅगची गरजच नव्हती. उरलेली सफाई कापड करणार होतं, कारण सीबीएम नसलेलं काहीही त्यावर फारसं टिकत नाही.

कापडासाठी रविवार पेठेतून मांजरपाट आणलं. कोरं मांजरपाट तसंच वापरलं तेव्हा एन्झाइम जेमतेम बसलं. सुतावर खळ असते, कापसावर नैसर्गिक मेण असतं, पाणीसुद्धा थेंबाथेंबाने वर उभं राहतं. धुण्याच्या सोड्यात तासभर उकळून, दोनदा पाणी बदलून धुतल्यावर तेच कापड पाणी टिपकागदासारखं शोषू लागलं. गरम केलेलं लायसेट त्यावर फिरवलं, मिठाच्या पाण्याने धुतलं आणि कापडाचा बोटभर तुकडा ओएनपीजीत टाकला. तुकड्याभोवती पिवळं वलय धरलं, हळूहळू सगळी नळी पिवळी झाली. तुकडा चिमट्याने उचलला तेव्हा रंग वाढायचा थांबला. पुन्हा टाकला, पुन्हा वाढू लागला. एन्झाइम कापडावर आहे, पाण्यात नाही, याचा यापेक्षा साधा पुरावा नसेल.

मात्र पहिल्या धुण्याच्या पाण्यात बरीच क्रिया सापडली आणि सगळे धास्तावले. पुन्हा गळती? यावेळी त्यांनी उपाय शोधण्याआधी जेल लावला, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पाहिली. लायसेटमध्ये दोन पट्टे दिसले, एक सुमारे 95 किलोडाल्टनचा, दुसरा 75 च्या जवळ. लांब दुवा यजमानाच्या प्रोटिएजनी, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमांनी, काही रेणूंत कापला होता. धुण्याच्या पाण्यात आखूड पट्टा जास्त, कापडावर लांबच. म्हणजे बसलेलं सुटत नव्हतं, ज्यांना शेपटीच उरली नव्हती ते वाहून जात होते. धुणं पुरेसं केलं की प्रश्न मिटतो. पेशी फोडताना थंडी पाळणं आणि काम भरभर उरकणं यानेही आखूड पट्टा कमी झाला.

खरी निवळी आली तेव्हा वेगळंच संकट उभं राहिलं. एन्झाइमला सामू 6 च्या वर जास्त बरं वाटतं, म्हणून निवळीची आम्लता सोड्याने थोडी कमी करून ती गरम कॉलमवर सोडली. काही वेळातच कापडावर पांढरी साय धरली आणि प्रवाह तुंबला. आम्लात विरघळलेलं कॅल्शियम फॉस्फेट सामू आणि तापमान वाढलं की खाली बसतं, आणि ते नेमकं कापडावर बसत होतं. अभियंत्याने क्रम बदलला: सामू आधी वाढवायचा, निवळी आधी तापवायची, गाळ टाकीत बसू द्यायचा, वरची चरबी काढायची, आणि मग निवळ पाणी कॉलमला द्यायचं. तुंबणं थांबलं.

निकाल

सोडलेल्या निवळीवर आता रोज बाटलीची चाचणी होते, एक भाग उकळलेला, एक न उकळलेला. दोन्ही सारखे निघतात. कापडावरची पकड निवळीत टिकली, आणि सायट्रेटची शंकाही त्यातच मिटली. क्रियाशीलता आठवड्यांच्या हिशेबाने हळूहळू उतरते, मग कापडाची गुंडाळी बदलतात. सगळं लॅक्टोज फुटत नाही. तयार झालेलं गॅलॅक्टोज एन्झाइमच्या क्रियाकेंद्रात अडून बसतं आणि वेग मंदावतो. प्रवाह कमी केला की प्रमाण सुधारतं, पण मग दिवसाला कमी निवळी जाते. हा ताळमेळ अजून बसतो आहे.

पावसाळ्यात वीज जाणं ही खरी डोकेदुखी ठरली. कॉलम थंड झाला आणि निवळी आत राहिली तर सकाळी आंबूस वास आणि बुळबुळीत थर. त्यावर त्यांनी गच्चीवरच्या सोलर हीटरची टाकी जोडली. वीज गेली की निवळी काढून टाकायची आणि टाकीतलं गरम पाणी उतारानेच कॉलममधून सोडायचं.

विक्रीच्या दृष्टीने निकाल अर्धवट आहे. जनुक बदललेल्या जिवाणूपासून काढलेलं एन्झाइम खाद्यप्रक्रियेत वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मान्यता लागते, त्यामुळे गोड पाक बाजारात नाही. फुटलेली निवळी तूर्त यीस्ट वाढवण्याच्या चाचण्यांना जाते.

काकांनी एकदा विचारलं, "मॅडम, आता हे पाणी ओढ्यात सोडलं तर चालेल ना?" संशोधिकेने सरळ सांगितलं, "नाही काका. साखर फुटली, पण गेली कुठे? पाण्यावरचा भार तेवढाच आहे."

वेगळं काय करता आलं असतं

काकांचा हा प्रश्न पहिल्याच बैठकीत यायला हवा होता. त्यांची गरज निवळीची विल्हेवाट लावण्याची असेल तर एन्झाइमची वाट लांबची आहे. क्लुव्हेरोमायसीस मार्क्सियानस हे यीस्ट लॅक्टोज थेट खातं, त्याला लॅक्टेज वेगळं द्यावं लागत नाही. गोड पाक हवा असेल तरच कापडावरचं एन्झाइम अर्थपूर्ण आहे, आणि मग मान्यतेचा अर्ज प्रयोगांच्या बरोबरीने चालायला हवा होता. दोन उद्दिष्टं एकाच प्रकल्पात मिसळल्यामुळे कुठल्याच बाजूचा हिशेब नीट मांडला गेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाटलीची चाचणी पहिल्याच संध्याकाळी करता आली असती. पकडीवर चालणाऱ्या कुठल्याही कॉलमची क्रिया घसरली तर आधी बाहेर आलेला द्राव तपासावा, कारण तो तपासायला काही लागत नाही आणि स्थिरतेचे प्रयोग महिने खातात.

टॅगची निवडही एन्झाइमशिवाय, स्वस्तात करता आली असती. एमचेरी या लाल प्रथिनाला प्रत्येक टॅग लावायचा, आपापल्या वस्तूवर बसवायचं आणि खऱ्या निवळीत 60 अंशांवर ठेवायचं. लाली मण्यांवर राहिली की पाण्यात उतरली, हे डोळ्यांना दिसतं. हिस-टॅगचा निकाल एका दुपारी लागला असता. इथे नेहमीचं हिरवं प्रथिन मात्र घेऊ नये. निवळीच्या आम्लतेत त्याची चमक आपोआप मंद होते, आणि प्रथिन सुटलं की फक्त फिकं पडलं हे कळेनासं होतं. एमचेरीला सामू 5.4 चं काही वाटत नाही.

गटाने पुढच्या कामासाठी असे लाल कन्स्ट्रक्ट आता करून ठेवले आहेत. त्यांत सीबीएमला जोडलेला स्पायकॅचरही आहे. कापड एकदाच तयार करायचं आणि त्यावर स्पायटॅग लावलेलं हवं ते एन्झाइम बसवायचं, असा बेत आहे. दोन प्रथिनांचा खर्च एका एन्झाइमसाठी जड होता, चार एन्झाइमांत विभागला तर तो पेलेल का, याचा हिशेब अभियंता सध्या मांडतो आहे.